अंड्याखालची ताटली

सरांनी माझ्या उकडलेल्या अंड्यावर टिश्यू पेपर टाकला. मयताचं तोंड झाकावं तसा. मग कॅमेऱ्यामागे उभ्या सचिनला म्हणाले, "बंद कर रे."

दादरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. त्या दिवशी व्हिडिओसाठी धडा होता, शरीरातले मेद आणि प्रथिनं. प्रथिनाची साखळी ठरावीक घडीत दुमडलेली असते. उष्णतेनं घडी मोडली की तिचं काम बंद. हे दाखवायला अंड्याइतकं सोपं काही नाही. काचेच्या पेल्यात कच्चं, ताटलीत उकडलेलं. पेला माझा. ताटली ऑफिसच्या पॅन्ट्रीतली.

"मॅडम, आपल्याला काही प्रॉब्लेम नाही," सर म्हणाले. सर म्हणजे क्लासचे मालक. "पण पालक बघतात. लिंबू पिळून दूध नासवा ना. तेच दिसेल."

उत्तर चूक नव्हतं. आंबटानंही दुधातलं प्रथिन गोठतं. म्हणूनच मला संशय आला. 'आपल्याला काही प्रॉब्लेम नाही' असं सुरू होणारं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. ज्याला प्रॉब्लेम असतो तो माणूस कधीच खोलीत नसतो.

"दूधही दाखवते," मी म्हटलं. "पण प्रथिनं कशाकशातून मिळतात, ती यादी?"

"डाळी, दूध, सोयाबीन. पुरे की. मटण-मासे तुमच्याकडे खातात, खा ना. शिकवायला कशाला?"

तुमच्याकडे. माझं आडनाव त्यांनी मुलाखतीत दोनदा विचारलं होतं.

मग ताटलीकडे बोट. "ही पॅन्ट्रीत परत नको. घरी घेऊन जा. राहू द्या तुम्हाला."

फोन वाजला, ते बाहेर गेले. मला स्टीलची ताटली भेट मिळाली होती.

सचिन लालबागचा, मालवणी. हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या डब्यात आज बांगडा आहे. मी बोलतो काय? जिन्यात बसून गप खातो."

"तुला कधी ताटली दिली त्यांनी, घरी न्यायला?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

मला भोईवाड्यातली आमची खोली आठवली. आई चरबी वितळवून डब्यात भरून ठेवायची, तिच्यावर चपात्या भाजायची. शाळेत बाईंनी विचारलं, मेद कशातून मिळतात? मी हात वर केला. चरबी. बाई म्हणाल्या, "वर्गात सांगण्यासारखं सांग." वर्ग हसला. परीक्षेत मी 'तूप' लिहिलं. पूर्ण मार्क. घरात तूप कधी आलं नव्हतं.

तेव्हा वाटलं, मला उत्तर येत नव्हतं. ताटलीकडे बघताना कळलं. उत्तर येत होतं. माझ्या घराला पुस्तकात यायची परवानगी नव्हती.

मी टिश्यू पेपर उचलला.

"सचिन, चालू कर."

"सर ओरडतील."

"माझ्यावर."

मी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं पटल मेदाच्या दोन थरांचं असतं. शुद्ध शाकाहारी माणसाचंसुद्धा. त्या पटलात प्रथिनांची दारं असतात, काय आत घ्यायचं ते ठरवणारी. पचन झालं की बांगड्यातलं अमिनो आम्ल आणि डाळीतलं अमिनो आम्ल यांत शरीर फरक करत नाही. प्रथिनं मिळतात अंडी, मासे, मटण, डाळी, दूध यांतून. मेद मिळतात तेल, तूप, शेंगदाणे यांतून. आणि चरबीतून.

सर दारात उभे होते. "हे आपण कापून टाकू."

"कापा. मग माझं नाव आणि तोंडही कापा. अर्धा धडा माझ्या नावावर जाणार नाही."

"मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझा स्वतःचा तर काही प्रॉब्लेम..."

"तुमचाच आहे, सर. पालकांना मध्ये आणू नका."

ते वळून निघून गेले. नोकरीचं काय ते बहुधा फोनवर कळेल, गोड आवाजात. इथून काढलं तर दुसरीकडे शिकवीन. धडा हाच राहील.

अंडं मी तिथेच उभी राहून खाल्लं. मीठ नव्हतं. ताटली पॅन्ट्रीत नेली, घासली, पुसली आणि बाकीच्या ताटल्यांत मधोमध सरकवून दिली. सगळ्या एकसारख्या आहेत.

माझी कुठली, ते आता सरांनी शोधावं.