उताऱ्याखालचे प्रश्न

परंड्याच्या बाजारात योगीराजचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीचे पंप असा माल. पण माणसं त्याला ओळखतात ती इंग्रजीसाठी. आठवीत असताना शाळेत तालुक्याचे साहेब आले होते. त्यांच्यासमोर या पठ्ठ्यानं इंग्रजीचा अख्खा धडा कुठंही न अडखळता, आवाज चढवत-उतरवत असा वाचला की साहेबांनी उठून पाठ थोपटली. इंग्रजीचे आण्णासाहेब सर भरल्या वर्गात म्हणाले, "असं वाचावं." झालं. त्या दिवसापासून परंड्यात इंग्रजी म्हणजे योगीराज. कुणाच्या पंपाच्या खोक्यातला कागद असो, कुणाच्या औषधाची चिठ्ठी असो, लोक दुकानात आणून देत. हा काउंटरवर हात टेकून खड्या आवाजात वाचून दाखवी आणि लोक समाधानानं माना हलवत जात. अर्थाचं काम तो थोडं चित्रं बघून, थोडं अंदाजानं भागवी. खरं म्हणजे अर्थ कुणी विचारतच नसे. वाचलं म्हणजे कळलं, असा सगळ्यांचाच समज होता, त्याचाही.

लग्नानंतर काही वर्षांनी त्याच्या बायकोनं, अर्पितानं, वकिली शिकायचं मनावर घेतलं. तुळजापूरकडची मुलगी, बी.ए. झालेली, बोलायला मोजकी. धाराशिवच्या कॉलेजात जायचं तर आधी प्रवेश परीक्षा, तिच्यात इंग्रजी आणि इंग्रजीत उतारे. दिलेला मजकूर वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. सासू धुरपदाबाईंनी शाळा कधी आतून पाहिली नव्हती, पण पहिला होकार त्यांचाच.

"शिकू दे की. घरातच मास्तर हाय, शिकवणी कशाला लावायची?"

मास्तर हरखला. दुकान बंद करून आला की हातपाय धुऊन ओसरीवर बसायचा आणि अर्पिताला परीक्षेच्या तयारीचं पुस्तक घेऊन समोर बसवायचा. ती वाचायची आणि शब्दाशब्दाला ठेचकाळायची. मग हा तेच वाक्य गुळगुळीत वाचून दाखवायचा. "अगं, अशी बैलगाडी हाकल्यावानी इंग्रजी वाचत्यात व्हय?" असं म्हणून हसायचा. ते दिवस त्याला फार गोड गेले. फक्त एका गोष्टीनं तो वैतागे. मध्येच थांबून ती विचारायची, "इथं लिहिणाऱ्याला राग आलाय का वो? वरवर कौतुक करतोय, पण मला राग आल्यासारखा वाटतोय."

"राग-बिग काय न्हाय. तू फुडं वाच."

पुढं एके दिवशी तिनं तोंडानं वाचणंच सोडलं. ओठ मिटून, पेन्सिल हातात धरून ती पानावर नुसती नजर फिरवू लागली. योगीराज समोर रिकामा बसून राहिला. चूक काढायची तर आवाज तरी हवा! ती मुकाट्यानं प्रश्न सोडवी, पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरं ताडून बघी आणि बरोबरच्या खुणा करी. खुणा दिवसेंदिवस वाढत चालल्या.

त्याहून जिव्हारी लागलं ते स्वयंपाकघरातलं. भाकरी थापता थापता अर्पिता सासूला उताऱ्यातलं सांगायची. कुठल्या तरी समुद्रातल्या दिव्याचा राखणदार, कुठं बर्फात अडकलेली रेल्वे. धुरपदाबाई चुलीपुढं लाकूड सारायचं विसरून विचारत, "मग?" अर्पिता पुढचं सांगे. पुन्हा "मग?" बाहेर ओसरीवर योगीराजला ते ऐकू येई. त्यानं आजवर आईला इंग्रजी काय कमी वाचून दाखवलं होतं? आई कौतुकानं बघत बसायची, पण "मग?" असं तिनं त्याला कधीच विचारलं नव्हतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यानं ते पुस्तक दुकानात नेलं. अर्पितानं सोडवलेला एक उतारा काढला, तिच्या खुणांवर हात ठेवला आणि मोठ्यानं वाचला. काय वाचला! शेजारचा हार्डवेअरवाला डोकावून गेला. मग खालच्या प्रश्नांवर आला. लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे? यातलं कोणतं विधान उताऱ्याशी जुळत नाही? त्याला एकही विधान जुळतंय की नाही ते कळेना. पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं. उत्तरं लिहिली, हात उचलला. तिची सगळी बरोबर, त्याचं जेमतेम एक, तेही डोळे मिटून बोट ठेवलेलं.

तो जळला. दुसरा शब्द नाही त्याला. आपलीच बायको, आपणच शिकवायला बसवलेली, आणि ती नापास व्हावी असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याची त्याला लाज वाटली, पण इच्छा काही गेली नाही.

मग त्यानं बेत केला. आण्णासाहेब सर निवृत्त होऊन गावातच होते. रविवारी त्यांना चहाला बोलावलं. "सर, तुमच्यासमोर हिची तयारी बघू," असं वरवरचं कारण. पुस्तकातला सगळ्यात अवघड शब्दांचा उतारा निवडला, मोबाईलवर एकेक शब्द ऐकून जिभेवर घोटून ठेवला. अर्पिताला अर्थातच काही सांगितलं नाही.

सर आले, खुर्चीवर बसले. धुरपदाबाई दाराशी टेकल्या. योगीराजनं पान उघडून पुस्तक अर्पिताच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाच."

ती पान बघून थोडी थबकली, मग वाचू लागली. अडखळली, मागं गेली, पुन्हा अडखळली. तिचे कान लाल झाले. योगीराजच्या जिवाला महिनाभरात मिळाला नव्हता असा गारवा मिळाला.

"आण इकडं," म्हणत त्यानं पुस्तक घेतलं आणि उभा राहून वाचलं. आठवीतला योगीराज पुन्हा अवतरला. शेवटच्या वाक्याला आवाज हळूच खाली आणला आणि पुस्तक मिटलं.

"वा!" सर म्हणाले. "जीभ तशीच आहे रे तुझी."

धुरपदाबाईंचा ऊर भरून आला होता. महिनाभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "लई झ्याक वाचलास बग. पर काय लिव्हलंय रं त्यात?"

योगीराजनं मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. एक शब्द त्याला नक्की ठाऊक होता, तोच त्यानं धरला. "मधमाश्यांचं हाय, आई. मध कसा काढायचा, कसा इकायचा, पेटी कुठं ठिवायची, आसली सगळी शेतीची माहिती हाय."

"मधमाश्या?" धुरपदाबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे ती नाचनारी माशी व्हय? अगं अर्पिता, कालच सांगितलंस की मला! एक माशी फुलं बघून येती आन् नाचून बाकीच्यांस्नी वाट दावती. नाच बघूनच त्यांस्नी कळतंय, किती लांब हाय, कुन्या बाजूला हाय. त्येच न्हवं का वो, सर?"

आण्णासाहेब चष्मा काढून पुसत बसले. "तेच, धुरपदाबाई. अगदी तेच."

"मग मध इकायचं कुठं हाय रं त्यात?" त्यांनी लेकाला विचारलं. त्यांच्या विचारण्यात काडीचंही वाईट नव्हतं.

अर्पितानं मान वर केली नाही. "चहा उतू जाईल," एवढं बोलून ती आत गेली. हसली असती तर त्याला भांडता आलं असतं. तिनं झाकून घेतलं, तेच त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात श्रीमंत आला, जवळच्याच गावचा शेतकरी. बॅटरीचा नवा पंप नेला होता, तो मध्येच बंद पडून लाल दिवा दाखवत होता. खोक्यातला कागद त्यानं काउंटरवर पसरला. "जरा वाच की, योगीराज."

योगीराजनं सवयीनं हात टेकले आणि सुरू केलं. श्रीमंत मान डोलवू लागला. दोन-चार ओळी झाल्या आणि योगीराज थांबला.

"का थांबलास? ग्वाड चाललंय की."

"काय कळलं तुला?"

"मला काय कळतंय! तुला कळलं म्हंजे झालं."

योगीराजनं त्याच ओळी मनातल्या मनात पुन्हा वाचल्या. बायको इथं असती तर एका नजरेत सांगितलं असतं तिनं, या विचारानं त्याचं काळीज पुन्हा करपलं. पण पंप बंद होता आणि श्रीमंतची फवारणी खोळंबली होती. त्यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"घरी घिऊन जातो. उद्या सांगतो."

"घरी? कुनाला इचारनार?"

आजवर मोठमोठे इंग्रजी शब्द लीलया उच्चारलेली त्याची जीभ तेवढ्या एका नावाला अडखळली. "अर्पिताला," तो म्हणाला.

श्रीमंतनं घडीभर विचार केला. "मग गेल्या साली तू वाचलेला ठिबकचा कागद बी आणून देतो," तो म्हणाला. "त्यो बी एकदा इचार तिला."