शालनचा चिमटा

शालनच्या नवऱ्याचा, रमाकांत भावोजींचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "विजू, शालन गेली," एवढंच ते म्हणाले आणि मी विचारलं, "कुठे?" मग डोक्यात प्रकाश पडला. सकाळी कुकर लावून ती खाटेवर जरा टेकली, ती उठलीच नाही. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते पोटाचं ऑपरेशन केलं होतं ना, त्याचंच का रे काही?" नाही हो. त्या ऑपरेशनातून ती निभावली होती, आणि त्याला आता कितीतरी वर्षं झाली. ती कशी निभावली हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचा त्या दिवसांचा राग मला अजून येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण शालनवर रागावल्याशिवाय माझी तिची आठवण सुरूच होत नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत तिची खोली आमच्या खोलीला लागून. तिचे बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर, माझे टपालखात्यात. संप झाला तेव्हा आम्ही दोघं प्राथमिक शाळा संपवून नुकतेच मोठ्या शाळेत गेलो होतो. दोन-चार महिने वाट बघून तिचे बाबा गावी मालवणकडे शेती बघायला गेले, आणि काकी, म्हणजे शालनची आई, तीन पोरांना घेऊन इथेच राहिली. आमच्याकडून भाजीची वाटी गेली की काकी ती कधी रिकामी परत करायची नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. त्या दिवसांत शालनला उचकी लागली की काकी हातातलं काम टाकून विचारायची, "कोण गो आठवण काढता तुजी?" आणि एकेक नाव घ्यायची. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, बरोबर नाव घेतलं की उचकी थांबते. मामा, आत्या, गावची आजी असं फिरून काकी शेवटी म्हणायची, "तुजो बापूस." आणि उचकी थांबायची! शालनची छाती अभिमानाने फुगायची. टपालखात्यातल्या माणसाच्या मुलाला अशी लांबून कोणी काढलेली आठवण मिळत नसे, त्याचा मला चांगलाच हेवा वाटायचा.

काकीची आणखी एक सवय आम्ही पाहत होतो. मुलांना जेवायला वाढायच्या आधी ती खुंटीवरचा नवऱ्याचा जुना पंचा काढायची आणि लुगड्यावरून पोटाला करकचून बांधायची. कुणा शेजारणीने विचारलं तर म्हणायची, कंबर धरली आहे. पोरं जेवून उठली की पंचा परत खुंटीवर. कंबर फक्त जेवणाच्याच वेळी कशी धरते, हा प्रश्न आम्हाला त्या वयात पडला नाही. शालन दहावीला असताना तिला तो एकदम पडला. गॅलरीत माझ्या शेजारी उभी राहून ती म्हणाली, "विजू, ते कंबरेचं नव्हतं रे," आणि आत निघून गेली. पोटाला चिमटा काढून मुलं वाढवली, असं आपण सगळेच सहज म्हणून जातो. तिने तो चिमटा पाहिला होता.

त्यानंतर शालनने ताटात कधी शीत ठेवलं नाही. स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. संप विरला, गिरणी उघडली तेव्हा बाबांना आत घेतलं नाही, ते खचले आणि लवकर गेले. शालन फोर्टात एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. लग्न होऊनही दोन गल्ल्यांपलीकडेच गेली, परळला, आणि आईला स्वतःकडे घेऊन आली. नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं, मुलीच्या ताटातलं उरलेलं, डब्यात परत आलेलं, सगळं तिच्या पोटात. "टाकू कशी रे?" हा तिचा एकच प्रश्न. बाळंतपण झालं, थायरॉइड निघालं, मग साखर. चाळीशीच्या आसपास अशी वेळ आली की तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना ती दोनदा पायरीवर बसायची आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांना सांगायची, तुमच्याशी गप्पा मारायला बसलेय. गुडघ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, आधी वजन. वजनाच्या डॉक्टरने सांगितलं, बँड.

म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला एक सिलिकॉनचा पट्टा. त्याची बारीक नळी पोटाच्या कातडीखालच्या एका बटणाला जोडलेली. त्या बटणातून सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं. शालनने ऑपरेशन करून घेतलं आणि घरी सांगितलं, पित्ताचे खडे काढले. खरं माहीत होतं ते भावोजींना आणि मला. मला का, तर हॉस्पिटलात दुसरा माणूस लागतो म्हणून. तिथेच खाटेवर पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "आयेने काढला तो फुकटचा चिमटा. माझा बघ, इम्पोर्टेड." आणि टाके दुखतील म्हणून हसू दाबत राहिली. तेव्हापासून त्या पट्ट्याचं नाव चिमटा.

पहिलं वर्ष झकास गेलं. ती जिना चढायला लागली, जुन्या साड्यांचे ब्लाउज आत घेतले. लोक विचारत, काय करतेस, तर सांगायची, पहाटे फिरते. पहाटे ती घोरत असायची. मग हळूहळू घास अडकायला लागले. चपातीचा तुकडा, मऊ भातसुद्धा. छातीत मधोमध गच्च व्हायचं, तोंडाला फेसाळ पाणी सुटायचं, आणि ती मोरीत जाऊन नळ सोडायची. बाहेर आली की पदराने तोंड पुसत म्हणायची, "भांडी विसळली." लग्नाकार्यात तर फारच पंचाईत. ताटात टाकायचं नाही हा तिचाच धर्म, आणि पोटात तर जात नाही. मग ती माझ्या शेजारी बसायची आणि बोलता बोलता आपलं सगळं माझ्या ताटात ढकलायची. बँड तिला आणि ढेरी मला, असं त्या दोन वर्षांत झालं. चावून खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, त्रास झाला की लगेच यायचं, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. त्यातलं शेवटचं तिने सोडून दिलं. जे गिळायला सोपं तेच खायचं म्हणून आइस्क्रीम आणि बिस्किटं चहात बुडवून, त्यामुळे वजन थांबलं, म्हणून तिने घास अडकतात हे न सांगता जाऊन पट्टा आणखी आवळून घेतला. आडवं झालं की खोकला यायला लागला. आणि उचकी.

एकदा परळच्या बसस्टॉपवर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "आजच्या आज डॉक्टरकडे चल."

"तो सैल करेल. नाहीतर काढूनच टाकेल. मग मी परत तीच."

"हो मग! तीच काय वाईट होती?"

"तुला काय जातंय रे बोलायला? तू चढून बघ तो जिना माझ्या अंगाने." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आये? ती समोर बसते जेवायला. तिला काय सांगू? तू खायला नव्हतं म्हणून पोट बांधलंस, आणि मी घर भरलेलं असताना बांधून घेतलं? ... तोंड उघडशील तर माझ्या गळ्याची शपथ."

बस आली, ती चढून बसली आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गौरीच्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो. काकीच्या घरातली गौर तिखटाची, म्हणजे वडे आणि सागोतीचा, कोंबडीच्या रश्श्याचा, नैवेद्य. नैवेद्य दाखवून काकीने एक वडा आणि थोडी सागोती लेकीच्या हातावर ठेवली. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? शालनने तो वडा खाल्ला. ती मोजून बारीक घास घेत होती आणि मी पाहत होतो. थोड्या वेळाने उचकी सुरू झाली. काकी हौसेने सरसावून बसली. "कोण गो आठवण काढता?" मामा झाला, आत्या झाली, सासरची माणसं झाली. सगळे हसत होते, भर घालत होते. उचकी थांबेना. जिवंत माणसं संपली तेव्हा काकी मेलेल्यांकडे वळली. "तुजो बापूस," ती म्हणाली आणि शालनच्या तोंडाकडे बघत राहिली. उचकी थांबली नाही. शालन पांढरी पडली होती, डावा खांदा दाबत होती, पोटात गेलेला पाण्याचा घोटही उलटून येत होता. तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "विजू... चिमटा."

गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळमध्ये टॅक्सी कुठली मिळायला. शेजारच्या चौघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. खाली रस्त्यावर माणसांचा महापूर. दोरखंड धरून उभ्या कार्यकर्त्यांनी खुर्ची बघितली आणि आम्हाला मोठ्या अदबीने भलतीकडेच वळवलं. "बाजू द्या, बाजू द्या! आजारी माणसाची दर्शनाची रांग इकडून!" मी घसा फोडून ओरडत होतो, "दर्शन नको, हॉस्पिटल!" आणि ढोलात कोणाला ऐकू येत नव्हतं. एक बाई शालनच्या पायाशी वाकून म्हणाली, बाप्पा बरं करेल हो. शालन उचक्या देत मान हलवत होती. तेवढ्यात वळून पाहतो तर मागून काकी, सत्तरीची बाई, अनवाणी, गर्दीतून वाट काढत येत होती. शेवटी तिनेच त्या कार्यकर्त्याचा दंड धरून त्याला फिरवला, तेव्हा कुठे दोरखंड वर झाला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "आधी काही ऑपरेशन?" भावोजींनी सवयीने सांगितलं, "पित्ताचे खडे." सासू शेजारी उभी होती ना! दोन-तीन वर्षं घोकलेलं खोटं, नको त्या ठिकाणी तोंडातून निघून गेलं. डॉक्टर लिहायला लागला. मला शपथ आठवली आणि मी ती मोडायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी काकी बोलली.

"खडे नाय ते. हिच्या पोटात कायतरी बांधलेला आसा. हय बटण आसा बघा." आणि तिने न चाचपडता लेकीच्या पोटावर बरोबर त्या जागी बोट ठेवलं. "पाठी-पोटाक तेल लावतंय तेवा हाताक लागता. पयल्या दिसापासून माका म्हायत आसा."

भावोजी खाली बघत राहिले. शालनने डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत गेलं.

पट्टा जागेवरून सरकला होता आणि त्यातून जठराचा खालचा भाग वर येऊन अडकला होता. त्याच दिवशी ऑपरेशन करून पट्टा काढला. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन थिएटरच्या दारात काकी एका बाकावर बसून होती, आणि इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच कोणाचंही नाव न घेता बसलेली पाहिली. मी विचारलं, "काकी, माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मी पंचो बांधी तेवा ह्या पोरान कधी विचारल्यान?" मग दोघी एकमेकींना सांभाळत बसल्या होत्या की काय, इतकी वर्षं... मला दोघींचाही संताप आला.

शालन शुद्धीवर आल्यावर काकीने मात्र तिला सोडलं नाही. "पोट बांधूचाच होता तर माझो पंचो होतो मां घरात! डॉक्टराकडे कित्याक गेलंस?" टाके नवे होते, तरी शालन हसली आणि कळवळली. त्यानंतर त्या घरात पोट हा विषय उघड्यावर आला. वजन परत चढलं, सगळं नाही, पण बरंच. ती पुन्हा पायरीवर बसायला लागली, पण आता खरं सांगायची, "दम लागलाय गं." साखरेची गोळी, गुडघ्याचा पट्टा, आहारतज्ज्ञ बाईंची बोलणी, सगळं निमूट. जेवायची ती पुढची सगळी वर्षं चहाच्या बशीत. एक बशी, चावून चावून, पाणी न पिता. आणि बशीत काही उरलं तर ते टाकून द्यायला शिकली, हे तिला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. "टाकलं बघ," असं मला मुद्दाम दाखवायची.

गेल्या रविवारी मी परळला गेलो. काकी आता पंच्याऐंशीच्या पुढे, तिला दिसत कमी. भावोजींनी तिला पेज दिली होती, शालनच्याच बशीत, कारण तिला आता तेवढीच लागते. दोन घोट घेतले आणि काकीला उचकी लागली. सवयीने मी सुरू केलं. "कोण गं काकी? गावचा पुतण्या?" तिने नाही म्हणून मान हलवली. "नात? पुण्याला आठवण काढत असेल." मान हलवली. उचक्या येतच होत्या. भावोजी पाणी आणायला उठले, काकीने त्यांना हातानेच बसवलं. मग एकच नाव उरलं. मी तोंड उघडलं, तर तिने चाचपडत माझा हात घट्ट धरला.

"नाव घेव नको तिचा," काकी म्हणाली. "नायतर उचकी थांबात."