अळणी पेज
आज सून पेजेत मीठ घालायला विसरली आणि मला मालवणच्या किनाऱ्यावरची आमची विहीर आठवली. साठ वर्षांपूर्वी वादळात समुद्र माडांच्या बागेत शिरला आणि विहिरीचं पाणी खारट झालं. बाबा दर वैशाखात ती उपसत, तरी चार वर्षं खारटपणा जाईना. पिण्याचं पाणी आई वरच्या वाडीतून आणी. पेज मात्र विहिरीच्याच पाण्यात शिजवी, वेगळं मीठ न घालता. एका श्रावणात वाफाळत्या पेजेचा घोट घेऊन बाबा म्हणाले, ‘पेज अळणी लागता गो.’ आई तशीच उठून विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि तिथूनच म्हणाली, ‘पाणी गोड झाला.’ मीठ समोरच होतं, पण त्या दिवशी कुणीच घेतलं नाही. आजही सून मीठ घेऊन आली तोवर माझी वाटी रिकामी झाली होती.