शेडमधलं हळदीकुंकू

तेरखेड्याच्या माळावर फटाक्यांची एक शेड होती. तिथं मी बरीच वर्षं कारकून होतो. पत्र्याखाली पंधरा-वीस बायका बसायच्या. कुणी सुतळी गुंडाळायची, कुणी वाती खोचायची. हजेरीच्या वहीत नावं मात्र चार पुरुषांचीच. बायकांची नावं लिहायची नाहीत, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी का म्हणून विचारलं नाही.

तपासणीच्या साहेबांची जीप फाट्यावर वळली की तिथला चहावाला फोन करायचा. मग माल पोत्यांखाली जायचा, बायका हात धुऊन चटईवर ओळीनं बसायच्या आणि मी कपाटातून करंडा काढून द्यायचो. साहेब येईपर्यंत प्रत्येकीच्या कपाळावर ताजं कुंकू असायचं. मालक हसून सांगायचे, "घरच्यांनी हळदीकुंकू ठेवलंय." भर आषाढातसुद्धा. साहेब चहा घेऊन जायचे.

एकीला तेवढा वेळ बाहेर पाठवावं लागायचं. वाती खोचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ती विधवा होती. हळदीकुंकवात ती दिसली तर बिंग फुटेल म्हणून मीच तिला मागच्या बाभळीखाली बसवायचो. जाताजाता ती म्हणायची, "बसा गं सवाष्णींनो दारूच्या वासात. मला तेवढीच हवा लागती." बायका हसायच्या. मीही हसायचो.

एका दुपारी वात खोचताना घासलं आणि फटाक्यानं तिच्या हातातच पेट घेतला. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. मालकांच्या गाडीतून मी तिला धाराशिवला दवाखान्यात नेलं. वाटेत ती एकच विचारत होती, "भाऊ, बोटं ऱ्हातील ना?" बोटं राहिली, पण तीन एकमेकांना चिकटून वाकडी झाली, ती कायमची.

चौकशी लागली. ती शेडमध्ये कामाला होती एवढं कागदावर आलं असतं, तर तिला भरपाई मिळाली असती. मालक म्हणाले, "कामाला होती म्हणून लिहिलंत तर शेड बंद. बाकीच्या बायांनी कुठं जायचं?" मला ते पटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला माझी खुर्ची दिसत होती. माझं अक्षर चांगलं. मी लिहून दिलं, "सदर महिला हळदीकुंकवाच्या कार्यक्रमास आली होती." साहेब नवीन, बाहेरगावचे. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं.

भरपाईचा अर्ज फेटाळल्यावर ती माझ्या घरी आली. हात फडक्यात गुंडाळलेला. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसली.

"भाऊ, नवरा गेल्यापास्नं मला हळदीकुंकवाला कुणी बोलवलं न्हाय. तुम्ही बोलवलं. कागदावर का व्हईना."

शेड बंद पडली असती, सगळ्यांचंच काम गेलं असतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. माझी बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. त्या संक्रांतीला तिनं घरी हळदीकुंकू केलं नाही, पुढंही कधी केलं नाही. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा बायको गेली. तिचे दिवस झाल्यावर मी वकिलाकडं जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. ही बाई नऊ वर्षं कामाला होती, हात कामावरच भाजला, मी खोटं लिहिलं. ते घेऊन तिच्याकडं गेलो. अंगणात ती डाव्या हातानं तूर निवडत बसली होती. मी वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"नऊ न्हाय. अकरा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता ह्याचं काय करू? मालक मेला, शेड मोडली. माझी सून जाती पलीकडच्या शेडात. तिचं नाव वहीत हाय का, तेवढं बघून या."

गेलो. तिथला कारकून माझ्या नातवाच्या वयाचा. मीही हेच काम केलंय म्हटल्यावर त्यानं वही पुढं केली. सहा नावं, सगळी पुरुषांची. वही परत ठेवायला त्यानं कपाट उघडलं, तेव्हा वरच्या कप्प्यात करंडा दिसला.

परत येऊन तिला सांगितलं, "नाव नाही."

"करंडा?"

"आहे."

ती तूर निवडत राहिली. "मग ल्ह्या."

"सुनेचं काम जाईल, बाई."

"तवा बी हेच म्हणला व्हता."

सून चुलीपाशी होती. कामावरून नुकतीच आलेली, हाताला अजून ती करडी भुकटी. तिच्याकडं बघायला मला अवघड वाटत होतं. तीच म्हणाली, "ल्ह्या मामा. नाव नीट ल्ह्या, वडलांचं चुकवू नका."

अर्ज कामगार कार्यालयात दिला आहे. तपासणीला अजून कुणी आलेलं नाही. या पानांत मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, पण त्या अर्जात दोघींची पूर्ण नावं आहेत. सासूच्या नावापुढं अकरा वर्षं लिहिली आहेत.