हमीदानं विचारून घेतलेलं रक्त

ये पोरी, अशी जवळ बस. थोडं रागवायचंय तुला. हमीदा जाऊन दीड महिना झाला आणि तुझा नुसता फोन आला. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून हे पेपरच्या पुरवणीला लिहून देतेय. इथं तरी माझं पुरतं ऐकशील...

वाचणाऱ्यांना सांगते, ही पोरगी म्हणजे पुण्याची डॉक्टरीण. रक्तातला दोष आईबापांकडून लेकरांत कसा उतरतो, हे शोधायला आमच्या युसूफ वडगावात यायची. हमीदा आमच्या गल्लीतली आशाताई. हिच्या कामासाठी घरोघर फिरून माणसांना समजावायची. माझी थोरली सून सुमन, तिच्या भाचीला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. म्हणून आमचंही घर यादीत होतं.

मी उतारवयात नातीच्या पाटीवर लिहायला शिकले, त्यामुळं सहीची भारी हौस. हमीदानं रक्त द्यायच्या संमतीचे कागद पुढं ठेवले तशी मी माझ्या आणि दोन्ही सुनांच्या मिळून तीन सह्या करून टाकल्या. मोठ्या माणसानं हो म्हटलं की घराचं हो, अशीच आमची रीत. तिनंही कागद पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत दारात.

"मावशी, चुकलं माझं. रक्त सुनांचं आन् सही तुमची, हे चालत न्हाई."

"कावून? मी काय परकी हाय?"

"सासूच हाय की तुमी. म्हणून तर."

मला चुलीपाशी बसवून तिनं एकेकीला बाहेर नेलं, विचारलं. सुमन हो म्हणाली, धाकटी नको म्हणाली. मी हमीदाला म्हटलं, "एका दिवसात माझी सून बिघडवलीस."

"ती पहिल्यापासून अशीच हाय, मावशी. तुमी इचारलंच कधी?"

आठवडाभर मी तिला चहा विचारला नाही. ती यायची आणि आपल्या हातानं पातेलं ठेवायची.

मग तुझ्या पुण्याच्या कामाचा निधी थांबला. तपासायला नेलेलं रक्त पुण्यातच पडून राहिलं, तुझं येणं बंद झालं. हमीदा मात्र घरोघर जाऊन सांगायची, निकाल अजून आला नाही. नसलेलं सांगायला कशाला पाय झिजवतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "बाया वाट बघायल्यात. मी गप बसले तर त्यांना वाटंल, काहीतरी वंगाळ निघालं." पुढं एका सकाळी तिच्या छातीत दुखलं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

आता बाया मला विचारतात. आमच्या घरात सुमनच्या मुलीची सोयरीक तिच्या मामाच्या मुलाशी ठरवायचं चाललंय. दोघांच्या रक्तात तोच दोष असला तर पुढच्या लेकरांना धोका, हे हमीदानंच समजावलं होतं. दुसरीकडं तपासू म्हटलं, तर सुमन म्हणते, एकदा दिलंय ना रक्त, आधी त्याचं काय झालं ते सांगा. तोवर तिनं पाहुण्यांना थांबवून धरलंय.

तेव्हा निकाल असला तर घेऊन ये, नसला तर तसं समोर बसून सांगायला ये. मुक्काम आमच्याकडंच कर. मी दारातच विचारीन, मला राहवणार नाही. मला सांगू नकोस. आधी सुमनशी बोल. तिला वाटलं तर ती मला सांगेल. पण लवकर ये.