गाव ठाऊक नसलेले दगड

सोनकांबळे सर दगड आधी जिभेला लावत आणि मग बोलत. पहिल्याच तासाला त्यांनी आमच्यासमोर एक मातकट तुकडा चाटला, तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं. सर शांतपणे म्हणाले, "हसा. जिभेला चिकटला म्हणजे यात चिकणमाती हाय. पुस्तक इतक्या लवकर सांगतंय का?" मग दुसरा दगड माझ्या हातात देऊन विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "काळा दगड." "अन् तुला कुणी 'ए उंच पोरगी' म्हणून हाक मारली तर चालंल? नाव असतंय ना. बसाल्ट म्हण."

नावांच्या बाबतीत सर फार हळवे होते. त्यांचे वडील नांदेडकडे रस्त्यासाठी खडी फोडत. "बापानं जिंदगीभर बसाल्टच फोडला. त्याला दगडाचं नाव कुणी सांगितलं नाही, अन् त्याचंबी नाव कुणी धड घेतलं नाही," असं ते एकदाच म्हणाले. सर शिकायला हैदराबादला आले, इथेच नोकरीला लागले आणि बरकतपुऱ्यात दोन खोल्यांत राहिले. "काळ्या दगडातनं निघालो, गुलाबी दगडात आलो," म्हणत. इथला ग्रॅनाइट गुलाबी आणि बसाल्टपेक्षा कितीतरी जुना. पृथ्वीचे थर शिकवायला ते उकडलेलं अंडं आणत. पिवळं म्हणजे गाभा, पांढरं म्हणजे प्रावरण. टरफलावर बोट ठेवून सांगत, "एवढ्यावर आपण राहतो, अन् एवढ्यावरच सगळी भांडणं." तास संपला की अंडं मीठ लावून खात.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, सर निवृत्त झाले आणि मुलं येईनात म्हणून आमचा भूशास्त्राचा विभागच बंद करायचं ठरलं. ती आवराआवर माझ्या गळ्यात पडली. सरांनी नोकरीभर गोळा केलेले दगड घ्यायला दुसरं एक कॉलेज तयार होतं, पण अट होती: प्रत्येक दगडाचं नाव आणि सापडल्याचं गाव हवं. नाहीतर सगळे ढिगाऱ्यात जाणार. दोन्ही प्रत्येक दगडावरच्या चिठ्ठीवर होतं, मग काळजी कसली? धूळ मात्र बोटभर होती. मी आमच्या नरसिंगला, म्हणजे विभागाच्या जुन्या अटेंडरला सांगितलं, "सगळे स्वच्छ धुऊन ठेव." त्याने नळी लावून धुतले. डिंकाने लावलेल्या चिठ्ठ्या लगद्यासारख्या मोरीत वाहून गेल्या. प्रिन्सिपलनी नरसिंगला सगळ्यांसमोर झापलं. तो खाली मान घालून उभा होता. मी शेजारीच होते आणि गप्प राहिले.

मी कळवल्यावर सर दुसऱ्या दिवशी आले. गुडघे धरत जिना चढले, धुतलेल्या दगडांकडे बराच वेळ पाहिलं. ओरडले नाहीत. "दगडाचं नाव दगड सांगतो, सुमन. गाव सांगत नाही. ते आणणाऱ्यालाच ठाऊक."

मग पंधरा दिवस ते रोज ऑटोने येत राहिले. एकेक दगड तळहातावर तोलत, खिळ्याने ओरखडत, आठवत. "ही तांडूरची चुनखडी. हे पांढरं स्फटिक एका विहिरीतलं, अर्धापूरच्या. तिथल्या बाईनं आधी भाकर खाऊ घातली, मग दगड दिला." मी लिहीत होते. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा, माझेही डोळे चुरचुरायचे. गाव न आठवलेले दगड वेगळ्या टेबलावर जात, आणि ते टेबल भरत चाललं होतं. एकदा कंटाळून मी म्हटलं, "सर, अंदाजाने लिहू या. कोण तपासणार आहे?"

"नक्को. उद्या एखादं पोट्टं त्या गावाला जाऊन शोधत बसंल. खोट्या गावापेक्षा बिनगावाचा बरा."

शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. "सर, नरसिंगला धुवायला मीच सांगितलं होतं."

"हौ. सांगितल्याबिगर तो बादली उचलत नाही."

"मग माझ्यावर रागावला का नाहीत?"

"रागवायला ताकद लागती. होती तेवढी दगडांना लागली." मग म्हणाले, "अर्धी चूक माझी. दगडावर ऑइल पेंटनं नंबर टाका, वहीत गाव लिहा, हे तुम्हाला शिकवलं, अन् मीच डिंकानं चिठ्ठ्या लावत राहिलो. अर्धी तुझी. आता नरसिंगच्या वाट्याला काय उरलं, सांग?"

मी खाली गेले आणि नरसिंगला बोलावून त्याच्यासमोर प्रिन्सिपलना खरं सांगितलं. प्रिन्सिपल म्हणाले, "आता काय उपयोग?" नरसिंग नुसता माझ्याकडे पाहत राहिला. वर आले तर सर टेबलावर डोकं टेकून झोपले होते.

गाव असलेले दगड त्या कॉलेजने नेले. बिनगावाचे मी घरी आणले. हे कळवायला सरांना फोन केला, नरसिंगचंही सांगितलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "आता मला बोलावू नको, सुमन. लई थकलोय." मी त्यांचं ऐकलं. बोलावलं नाही, आणि त्यांना आराम मिळू दे म्हणून भेटायलाही गेले नाही. बरकतपुरा माझ्या घरापासून चार स्टॉपवर आहे. त्याच वर्षी थंडीत सर गेले. ही चूक मात्र अर्धी नाही, पुरी माझी.