वरच्या खणातलं दूध

सुनेनं कामावर परत जायचं, हे घरात एका अटीवर ठरलं. अट माझ्या बायकोनं घातली. आठ दिवस बघायचं. तीन महिन्यांच्या नातीनं आईच्या माघारी दूध नीट घेतलं तर नोकरी, नाहीतर राजीनामा. सून लातूरला एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते आणि आम्ही राहतो अहमदपूरला. सकाळी एसटीनं गेलेली पोरगी दिवेलागणीला घरी येते. तेवढ्या वेळात बाळाला चारदा दूध लागतं, दर वेळी साधारण शंभर मिली. हा हिशेब कळला तसा मी निर्धास्त झालो. किराणा दुकान चालवणाऱ्याला एवढं माहीत असतं, की ज्याचं माप काढता येतं ते सांभाळताही येतं.

पंपानं दूध काढून साठवायचं, हे आमच्या घरात नवीन होतं. सासऱ्यानं त्यात लक्ष घालू नये, असं बायकोचं मत. पण तिचे गुडघे दुखतात आणि फ्रीजसमोर वाकायला मीच लागतो. सुनेनं मला न लाजता समजावलं, "मामा, खालच्या खणात उद्याचं दूध. वरती बर्फात शिल्लक. बाहेर काढलेलं परत बर्फात जायचं नाही. आणि उकळायचं तर अजिबात नाही. कोमट पाण्यात बाटली धरायची, बास."

मी दुकानाचाच नियम लावला. जुना माल पुढं, नवा मागं. प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी.

"दूध हाय ते, तूरडाळ न्हाई," बायको म्हणाली.

"डाळ चार दिवस जास्त टिकते. म्हणून तर चिठ्ठी."

बाळ बाटलीचं रबरी निपल तोंडात घेईना. मग माळ्यावरून बोंडलं काढलं, माझ्या मुलाला ज्यानं दूध पाजलं ते, चांदीचं, चोचीपाशी जरा चेपलेलं. पहिल्या दिवशी निम्मं दूध गळ्यावरून ओघळलं. तिसऱ्या दिवशी तिला चोच ओळखू आली.

सोमवारी हिमायतनगरहून माझी थोरली बहीण, अक्का, बाळाला बघायला आली. तिच्या दारात दोन म्हशी. उंबऱ्याच्या आत आलेलं दूध आधी तापवायचं, मग दुसरं काम, हे तिच्या हाताला इतकं बसलंय की त्यासाठी तिला विचार करावा लागत नाही. बायको महादेवाला गेलेली, मी खाली दुकानात. अक्कानं आणलेलं दही ठेवायला फ्रीज उघडला. बाटल्यांत वर साय तरंगतेय, खाली निळसर पाणी. आईचं दूध थंडीत असंच वेगळं होतं, जरा हलवलं की एक होतं. अक्काला वाटलं, नासायला लागलंय. वाचवावं म्हणून तिनं दिवसाचं सगळं दूध एका पातेल्यात ओतलं आणि गॅसवर चढवलं.

मी वर आलो तेव्हा ती पळीनं साय बाजूला करत होती.

"अक्का, हे कुठलं दूध?"

"फ्रीजमधलं. कच्चं ठेवून राहिलात, लेकराच्या घरात? अकला कुठं गेल्या तुमच्या?"

"सुनेचं हाय ते."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "अगं बया," एवढंच बोलली.

तेवढ्यात बाळ उठलं. आणि जिन्यावर बायकोच्या चपला वाजल्या. ती आत आली, पातेल्याकडे बघितलं, रडणाऱ्या नातीला उचललं. "झालं. मी म्हनतच होते. आता सांगा तिला राजीनामा द्यायला."

"वर शिल्लक हाय," मी म्हणालो.

वरच्या खणातली गोठलेल्या दुधाची सर्वांत जुनी पिशवी काढून कोमट पाण्याच्या गंजात धरली. बर्फातलं दूध नातीला आजवर दिलं नव्हतं. त्याला जरा वेगळा वास येतो, काही बाळं ते घेत नाहीत, हे सुनेनं आधीच सांगितलेलं. बर्फ आपल्या गतीनं वितळत होता. अक्का म्हणाली, "दे इकडं, मी पाजते. माझ्यामुळं उपाशी हाय."

पहिल्या घोटाला नातीनं तोंड वाकडं केलं. अक्कानं बोंडलं मागं घेतलं, गालावर बोट फिरवलं, पुन्हा चोच लावली. मग घोटाचा आवाज आला. बायको खाली बसली.

तापवलेलं दूध अक्कानं मोरीत ओतू दिलं नाही. आईचं दूध पायदळी जाऊ नये म्हणत कढीपत्त्याच्या बुडाशी घातलं.

संध्याकाळी सून आली. दिवसभराचं दूध आणलेली बर्फाची पिशवी तिनं खांद्यावरून उतरवायच्या आत मी सगळं सांगितलं. लॅबच्या स्टोअरमध्ये दार लावून, जेवणाच्या सुट्टीत काढलेलं ते दूध. तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बर्फातलं घेतलं तिनं?"

"सगळं."

ती अक्काकडं बघत म्हणाली, "मग आत्या, साय तरी जाड आली का?"

"कसली जाड! माझ्या म्हशीला हसशील तू," अक्का म्हणाली, आणि बायकोकडं वळली. "आता आठ दिवस कशाला मोजता, वैनी? आईबी न्हवती, दूधबी वाया गेलं, तरी लेकरू जेवलं की."

दुसऱ्या दिवशी शेजारीण भांडं घेऊन बर्फ मागायला आली, तेव्हा मी जिन्यात होतो. बायको दारातूनच म्हणाली, "आमच्याकडं न्हाई मिळायचा. वरच्या खणात लेकराचं जेवण हाय. सून कामाला जाती आमची."